मोठ्या मुलांना डिस्नीत वेशभूषा करून जाता येतं का? नाशिकहून निघण्याआधीची तयारी

उत्तर आधी देते, कारण बरेच जण तेवढंच शोधत आलेले असतील. अमेरिकेत डिस्नीची पार्कं दोन ठिकाणी आहेत. फ्लोरिडात ऑरलँडोजवळ वॉल्ट डिस्नी वर्ल्ड आणि कॅलिफोर्नियात ॲनाहाइमला डिस्नीलँड. दोन्हीकडे १३ वर्षांपर्यंतची मुलं राजकन्या, समुद्री चाचा, मिकी, जे हवं ते बनून आत जाऊ शकतात. १४ पूर्ण झालेल्यांना एरवी वेशभूषा करून येता येत नाही. मुलगा कितीही बारीक चणीचा असो, आणि आपण कितीही लांबून आलेलो असो.

आता खरी अडचण. आपल्याकडची मुलं अमेरिकेला जातात ती बहुधा मे महिन्यात, मामाच्या नाहीतर काकाच्या गावाला. जाताना घरात एक लहान असतं आणि एक मोठं. आमच्याकडे धाकटी नऊची आणि थोरला पंधराचा होता. धाकटीचा सगळा जामानिमा तयार, आणि थोरल्याला "तुला नाही" म्हणायचं. वरवर "मला काय करायचंय ते बालिश" म्हणणारी मुलंसुद्धा आतून खट्टू होतात, हे पंधरा-सोळा वर्षांचं मूल घरात असलेल्यांना सांगायला नको. म्हणून खाली मी १४ च्या पुढच्यांसाठी जास्त लिहिलंय. लहानांचं सोपं आहे.

१. आधी जन्मतारीख बघा

तिकीट काढता त्या दिवशीचं वय उपयोगाचं नाही, पार्कात पाऊल टाकाल त्या दिवशीचं धरा. डिसेंबरात बुकिंग केलं तेव्हा तेरा, मार्चमध्ये वाढदिवस, मे महिन्यात प्रवास. झालं, पोशाख घरी.

इथे एक गंमत लक्षात ठेवा. तिकिटाच्या हिशेबात तिथे ३ ते ९ वर्षांचं मूल लहान. १० पासून पुढे मोठ्यांचं तिकीट. तीनच्या आतल्यांना तिकीट नाही. म्हणजे अकरा-बारा वर्षांची मुलगी तिकिटाला मोठी असते आणि पोशाखाला लहान. "मोठ्यांचं तिकीट काढलंय, मग पोशाख चालणार नाही" असा गैरसमज आमच्या ओळखीत एकाहून जास्त जणांचा झाला होता. या दोन रेषा वेगळ्या आहेत. १४ ची रेषा आणखी एका ठिकाणी येते: त्याहून लहान मुलांना पार्कात एकटं सोडत नाहीत, सोबत १४ किंवा त्यापुढचं कुणी लागतं. मी थोरल्याला हेच सांगितलं, की पोशाख गेला पण धाकटीला घेऊन आत जाण्याचा अधिकार मिळाला. त्याला हा सौदा फारसा पटला नाही.

२. नियम का आहे, ते घरीच सांगा

गेटवर समजावत बसू नका. तिथे रांग असते, ऊन असतं, धाकट्याला शू लागलेली असते.

कारण अगदी समजण्यासारखं आहे. पार्कात पात्रांच्या पोशाखात वावरणारे लोक हे तिथले कर्मचारी असतात. चार वर्षांचं मूल धावत जाऊन पोशाखातल्या कुणालाही मिठी मारतं, सही मागतं. उंचापुरा पंधरा वर्षांचा मुलगा पूर्ण पोशाखात उभा राहिला, तर त्या मुलाला तो पार्काचाच माणूस वाटणार. म्हणूनच ज्यांना पोशाखाची परवानगी आहे त्यांनाही अनोळखी लोकांसाठी फोटोला उभं राहायला आणि सह्या द्यायला मनाई आहे.

दुसरं कारण सुरक्षेचं. डिसेंबर २०१५ मध्ये डिस्नीने अमेरिकेतल्या पार्कांच्या दारांत मेटल डिटेक्टर बसवले, खेळण्यातल्या बंदुका आत विकणं आणि आणणं बंद केलं, आणि १४ च्या पुढच्यांच्या वेशभूषेवरही बंदी घातली. चेहरा झाकलेला किंवा घेरदार कपड्याखाली काय आहे ते न दिसणारा मोठा माणूस त्यांना दारात नको असतो.

एवढं सांगितलं की मुलं वाद घालत नाहीत. निदान नियमावर तरी घालत नाहीत.

३. तेरापर्यंतच्या मुलांचा पोशाख

आपल्याकडे गॅदरिंगसाठी जे पोशाख भाड्याने मिळतात ते या कामाला नेऊ नका. ते स्टेजवर पाच मिनिटं मिरवायला शिवलेले असतात. टोचणारी जर, गळ्याशी घट्ट, अस्तर नाही. शिवाय भाड्याची वस्तू महिनाभर परदेशी कोण देणार? अमेरिकेत विकत घेतलं तर पार्काच्या आतलं महाग, बाहेरच्या मोठ्या दुकानांत बरंच स्वस्त. पण शिवून नेण्यासारखं दुसरं काही नाही. मेन रोडला कापड घ्या आणि ओळखीच्या टेलरकाकांकडे टाका.

काकांना या गोष्टी आधी सांगा:

- फ्रॉक किंवा झगा जमिनीला टेकता कामा नये. जमिनीवर लोळणारे कपडे तिथे चालत नाहीत, वयाचा प्रश्न नाही. घोट्याच्या वर चांगला दोन-तीन बोटं ठेवा.
- आतून मऊ सुती अस्तर. नेट आणि सॅटिन थेट अंगाला लागलं तर फ्लोरिडाच्या दमट उकाड्यात तासाभरात मूल रडायला लागतं. तो उकाडा आपल्या कोरड्या उन्हाळ्यासारखा नाही, मुंबईच्या मे महिन्यासारखा आहे, आणि दुपारी वर पाऊस.
- मागे साखळी नको, रुंद इलॅस्टिक हवं. बाथरूमला जाताना कळेल का ते.
- केप वेगळी, वेल्क्रोने लागणारी. राइडमध्ये बसताना ती काढावी लागते, आणि गळ्याला गाठ मारलेली कुठलीही गोष्ट मला स्वतःला नको वाटते.

आमच्या काकांनी धाकटीच्या फ्रॉकची लांबी घेताना टेप घोट्याच्या खाली सोडला आणि म्हणाले, "पोरगी वाढतीये, खाली राहू द्या." मी म्हटलं, काका, खाली दाब ठेवा, लांबी नको. त्यांनी तीन बोटांचा दाब आत मुडपून दिला. पुढच्या दिवाळीला तो उसवून तोच फ्रॉक पुन्हा वापरात आला.

मुखवट्याचं असं आहे: तेरापर्यंतच्या मुलांना काही मुखवटे चालतात, पण पूर्ण चेहरा झाकणारे नाहीत आणि डोळे दिसायला हवेत. त्यापेक्षा हेअरबँड बरा. अंगाभोवती गोल फुगणारे किंवा थरावर थर असलेले पोशाख टाळा, ते दारात जास्त तपासले जाऊ शकतात. खेळण्यातली बंदूक अजिबात नाही. खरं शस्त्र वाटेल असं काहीही नाही, टोकदार काहीही नाही. झाशीच्या राणीच्या पोशाखासोबत येते तसली पत्र्याची तलवार तर मुळीच बॅगेत टाकू नका. ती आधी विमानतळावरच अडचणीत आणेल.

लहान मुलींना राजकन्येसारखं सजवून देणारं एक सलून पार्कात आहे. त्यालाही वयाची अट आहे, ३ ते १२. तेरा वर्षांच्या मुलीला त्याचं आमिष दाखवू नका.

४. चौदाच्या पुढे: पोशाख नाही, रंग जुळवा

हा या लेखाचा मुख्य भाग.

साधे, रोजचे कपडे घालायचे. पण रंग आणि एखाददुसरी वस्तू अशी निवडायची की बघणाऱ्याला पात्र ओळखू यावं. तिकडे याला डिस्नीबाउंडिंग म्हणतात. हे सर्रास चालतं, मोठी माणसंही करतात, आणि काउंटरवरचे कर्मचारी ओळखून दाद देतात तेव्हा मुलांची कॉलर ताठ होते. कसोटी सोपी आहे. हेच कपडे घालून तुमचा मुलगा कॉलेज रोडला मित्रांबरोबर कॉफी प्यायला गेला, तर कुणी वळून बघेल का? नाही बघणार, तर पार्कातही अडचण येणार नाही.

काही जमणाऱ्या जोड्या:

मिकी: काळा टी-शर्ट, लाल शॉर्ट्स, पिवळे बूट. पिवळे बूट मिळणं अवघड. पिवळे मोजे वर दुमडून घातले तरी भागतं.

मिनी: लाल, पांढऱ्या ठिपक्यांचा कुर्ता किंवा फ्रॉक. ठिपक्यांचं कॉटन आपल्याकडे कुठल्याही कापडाच्या दुकानात मिळतं, त्यामुळे मुलींसाठी सगळ्यात स्वस्त.

डोनाल्ड: निळा शर्ट, पांढरी शॉर्ट्स किंवा पँट, टोपीला नाहीतर बॅगेला छोटा लाल बो. आमच्या थोरल्याने हेच निवडलं. शाळेच्या पी.टी.ची पांढरी पँट अखेर एकदाची कामाला आली. लाल बो मात्र त्याने गेटच्या आत गेल्यावरच लावला, आणि तोही बॅगेच्या मागच्या बाजूला.

गूफी: केशरी किंवा नारिंगी टी-शर्ट, वर पिवळं उघडं जॅकेट, निळी पँट, हिरवी टोपी. हा प्रकार कपाटातल्या जुन्या कपड्यांतूनच उभा राहतो.

डेझी: जांभळा टॉप, गुलाबी क्लिप.

आपले कपडेही यात छान बसतात. लाल ठिपक्यांचा कुर्ता आणि काळी लेगिंग म्हणजे मिनी झालीच. साडी, सलवार-कमीज, कुर्ता ही वेशभूषा नव्हे, रोजचा पेहराव आहे, तेव्हा आजीला काळजी करायचं कारण नाही. फक्त पदर खोचलेला हवा आणि निऱ्या जमिनीवर घासायला नकोत. मी आईला पार्काच्या दिवशी साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालायला लावला, कारण दिवसभरात भयंकर चालावं लागतं.

पात्राचं चित्र असलेले टी-शर्ट, कानांचे हेअरबँड, टोप्या कुठल्याही वयाला चालतात. चेहरा झाकला जात नाही ना, एवढंच बघा. घरातल्या सगळ्यांनी कान लावले की मोठ्या मुलाला आपण वगळलो गेलो असं वाटत नाही. बाबांनाही लावायला लावा. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ त्यांनीच लावले होते.

एक सापळा सांगते. रंग जुळवता जुळवता मुलं वाहवत जातात. आधी टी-शर्ट, मग हातमोजे, मग विग, मग नाकावर रंग. या शिडीवर कुठेतरी तो पोशाख होतो, आणि ते कुठे हे दारावरचा माणूस ठरवतो. विग आणि हातमोजे आले की थांबा.

५. पूर्ण पोशाखच हवा असेल तर हॅलोविनची रात्र

हॅलोविन म्हणजे ३१ ऑक्टोबरचा, सोंगं घेऊन साजरा होणारा तिकडचा सण. मोठ्यांना पूर्ण पोशाखात येता येतं ते अशा खास कार्यक्रमांच्या रात्री. फ्लोरिडात डिस्नी वर्ल्डच्या मॅजिक किंग्डम पार्कात मिकीज नॉट-सो-स्केरी हॅलोविन पार्टी असते. ऑगस्टपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत ठरावीक रात्री, संध्याकाळी ७ ते रात्री १२. कॅलिफोर्नियात ऊगी बूगी बॅश, तो डिस्नीलँडच्या शेजारच्या कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर पार्कात. दोन्हींचं तिकीट वेगळं काढावं लागतं, दिवसाच्या तिकिटावर चालत नाही. आणि ती संपतात. "तिथे गेल्यावर बघू" हे इथे चालणार नाही.

त्या रात्रीसुद्धा चौदाच्या पुढच्यांना मुखवटा नाही. केप चालते, पण कमरेच्या खाली नको. पारदर्शक पंख, प्लॅस्टिकची खेळण्यातली तलवार, स्टार वॉर्स चित्रपटांतल्यासारखी प्रकाशाची तलवार, टूटू म्हणजे नेटचा फुगीर स्कर्ट चालतो. टोपी चालते, चेहरा दिसला पाहिजे. म्हणजे टेलरकाकांना माप देताना मोठ्या मुलाची केप खांद्यापासून कमरेपर्यंतच मोजून घ्या. गुडघ्यापर्यंतची जास्त ऐटबाज दिसते हे मान्य, पण ती दारात काढावी लागेल.

आता आपल्या सुट्ट्यांचं गणित. मे महिन्यात या पार्ट्या नसतात. म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी वरचा चौथा मुद्दा हाच एक रस्ता. दिवाळीच्या सुट्टीत जमू शकतं, पण दरवर्षी नाही. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, तोवर हॅलोविन उलटून गेलेला असेल. २०२७ मध्ये ते २९ ऑक्टोबरला आहे. तेव्हा शाळेची सुट्टी कधी लागते ते बघून शेवटच्या एक-दोन रात्रींत बसवता आलं तर बघा. दिवाळी घरी सोडून जायचं का, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या घरचा. माझ्या सासूबाईंचं उत्तर मला न विचारताच माहीत आहे.

६. बॅगेत काय हवं

- मुलांच्या पासपोर्टच्या फोटो-पानाची प्रत फोनमध्ये. वयावरून प्रश्न आलाच, तर जन्मतारीख दाखवायला. मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत.
- तिकिटं पार्काच्या ॲपमध्ये टाकलेली. पार्टीचं तिकीट असेल तर तेही त्याच खात्यात.
- पार्काच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या नियमांच्या पानाचा स्क्रीनशॉट. निघण्याच्या आठवड्यात काढलेला, मागच्या वर्षीचा नको, आणि माझा हा लेखही त्याची जागा घेऊ शकत नाही.
- प्रत्येक पोशाखामागे एक साधा टी-शर्ट आणि शॉर्ट्स.
- सेफ्टी पिना, सुईदोरा. हे हॉटेलवर वापरायचं. पार्कात फक्त दोन-चार पिना.
- मळखाऊ, रुळलेले बूट. पोशाखासोबतचे चमकीचे बूट फोटोपुरते पिशवीत.
- पातळ रेनकोट.

जादूची कांडी, तलवार वगैरे जे काही नेणार असाल ते विमानात चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत नाही. सेल्फी स्टिक नेऊच नका, ती डिस्नी पार्कांत २०१५ पासून बंद आहे. तिच्या जागी चिवड्याचं आणखी एक पाकीट मावेल.

७. गेटवर

आधी सुरक्षा तपासणी, मग तिकीट. केप, पंख, कांडी हे सगळं तपासणीआधी काढून हातात धरा. लवकर सुटका होते.

मोठ्या मुलाला अडवलं तर घाबरू नका. पोशाखात बदल करून तो नियमात बसत असेल तर आत सोडतात. बसत नसेल तर आत घेत नाहीत. आमच्या पुढे एक बराच उंच मुलगा होता, पाठीवर पोटऱ्यांपर्यंत लाल केप. तपासणाऱ्या बाईंनी हसून त्याचं वय विचारलं, त्याने सोळा सांगितलं. त्यांनी केपकडे बोट केलं आणि हाताने घडी घालायची खूण केली. त्याने केप काढून आईकडे दिली, आतल्या टी-शर्टवर आत गेला. एवढंच. आतला टी-शर्ट नसता तर मात्र पार्किंगपर्यंतची परत फेरी होती.

वय कमी करून सांगू नका. एक तर मुलांसमोर शोभत नाही. शिवाय मुलगा नेमका त्याच वेळी "नाही, मी पंधराचा आहे" म्हणून मोकळा होतो.

आत गेल्यावर प्रवेशद्वाराजवळ भाड्याचे लॉकर असतात. धाकट्याचा पोशाख दुपारपर्यंतच टिकतो. मग तो तिथे टाका आणि सुती कपडे चढवा. फोटो सकाळीच उरकून घ्या.

८. डिस्नीखेरीज दुसरीकडे जाणार असाल तर

प्रत्येक पार्काचं वेगळं. टोकियो डिस्नीत प्राथमिक शाळेपर्यंतची मुलं वर्षभर पोशाखात येऊ शकतात. त्यापुढच्या सगळ्यांना फक्त हॅलोविनच्या जाहीर केलेल्या दिवसांत. ऑरलँडोच्या युनिव्हर्सलमध्ये हॅरी पॉटरच्या जादूच्या शाळेचे झगे आणि कांड्या विकतात, आणि ते घालून मोठी माणसंही बिनधास्त फिरतात. तिथे थोरल्याची हौस भागू शकते. पण तिथल्याच हॅलोविन हॉरर नाइट्सला उलटं आहे: वेशभूषा नाही, मुखवटा नाही, कुठल्याच वयाला. डिस्नीच्या पार्टीचा अनुभव धरून तिकडे पोशाखात गेलात तर दारातच अडकाल.

आणि अमेरिका-जपान राहू दे, आपण खोपोलीच्या इमॅजिकाला जाऊ असं ठरलं, तर नाशिकहून पहाटे निघा आणि वेशभूषेबद्दल आदल्या दिवशीच फोन करून विचारा. वॉटर पार्कमध्ये उतरायचं असेल तर नायलॉन-लायक्राचेच कपडे लागतात, सुती टी-शर्टवर पाण्यात सोडत नाहीत. तिथे भाड्याने मिळतात, पण मोठ्या मुलांच्या मापाचे आधी संपतात, म्हणून घरूनच न्या.